हातानं आवळलेला नट

मालेगावहून आलेली एसटी मेडशीच्या थांब्यावर थांबली, तेव्हा संघपाल दुकानाच्या पायरीवर बसून एका रिमोटमधली धूळ जुन्या टूथब्रशनं काढत होता. बसमधून एक मुलगी उतरली. तिनं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलं होतं. तान्हं मूल असेल असं वाटून संघपाल उठला आणि सावलीतली जागा त्यानं तिला करून दिली.

ती सावलीत आली, टॉवेल उलगडला आणि आतला सेटटॉप बॉक्स काउंटरवर ठेवला.

"आमची संसद गेली," ती म्हणाली.

दुकान गफ्फारभाईंचं. डिश आणि मोबाइल दुरुस्तीचं. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "क्या गया?"

"संसद. लोकसभेचं चॅनेल. बाकी सगळं दिसते. सिरियल दिसते, गाणे दिसते, जुने पिक्चर दिसतात. फक्त लोकसभा नाही दिसत."

संघपाल सहा वर्षं या दुकानात होता. मॅच गेली म्हणून लोक धावत आलेले त्यानं पाहिले होते, सिरियल गेली म्हणून बाया भांडायला आलेल्या पाहिल्या होत्या. लोकसभेसाठी एसटीनं आलेलं माणूस हे पहिलंच.

"तुमी पाहता लोकसभा?"

"मी नाही. माहे बाबा पाहतात. अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास लागते. तीन दिवस झाले, ते अकराले टीव्हीसमोर बसतात अन् बाराले उठतात. मधात काहीच नसते."

"चॅनेलचा नंबर बदलला असन, नाही तर डिश हलली असन. बॉक्स कायले आणला? तिथं येऊन पाहा लागते."

"मंग या. मले काय माहीत, संसद डब्यात राह्यते का छतावर."

गफ्फारभाई हसले. संघपालही हसला, आणि हसल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्याची बायको गंगू जाऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत तो हसलाच नव्हता असं नाही. पण आधी हसू आलं आणि मग कळलं, असं झालं नव्हतं.

मुलीचं नाव सपना. गाव सात-आठ किलोमीटरवर, टेकडीखाली. ती परतीच्या एसटीत बसली आणि संघपाल मोटरसायकल घेऊन निघाला. रस्ता मोकळा होता. तरी गाव येईपर्यंत त्याची गाडी बसच्या मागंच राहिली.

घरात शिरताच समोर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्या खाली एका बाईचा. बाईच्या फोटोला ताज्या शेवंतीचा हार होता. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर अर्धा शिवलेला ब्लाउज. टीव्हीसमोरच्या खाटेवर सपनाचे वडील देवमन बसले होते. साठी उलटलेले, एका खुब्यानं अधू झालेले, हाताशी काठी.

"जय भीम, काका."

"जय भीम. ये बापा. आधी चहा घे, मंग वर चढ. घाई नाही. आज शुक्रवार हाय. आता संसद सोमवारी."

खिडकीतून टेकडी दिसत होती आणि टेकडीवर लोखंडी टॉवर. पूर्वी त्या टॉवरवरून आसपासच्या वीस गावांना टीव्ही दिसायचा. छतावर साधा अँटेना लावला की झालं. देवमननं तिथं एकोणतीस वर्षं नोकरी केली होती. चार वर्षांपूर्वी टॉवर बंद झाला. त्याच साली त्यांची बायको भागिरथा वारली.

"थो टॉवर डिजिटल करता येते," चहा पिताना देवमन सांगू लागले. "आधी एकच चॅनेल जाये त्याच्यावरून. डिजिटल केला का दहा-बारा जातात. डिश नाही, रिचार्ज नाही. इंटरनेट नसलं तरी चालते. मोठ्या शहरांत हाय. मंग आमच्या टेकडीवर काहून नाही? एवढंच पत्रात लिहिलं मी खासदार साहेबाले. त्यायच्या ऑफिसातून उत्तर आलं, का प्रश्न देतो. पण प्रश्नाची चिठ्ठी निघते. नंबर लागला तर मंत्र्याले उभं राहून सांगा लागते. म्हणून मी रोज बसतो."

"अन् झाला डिजिटल, तर तुमाले काय मिळन, काका?" संघपालनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

देवमननं काठीनं खिडकीकडं दाखवलं. "टॉवरच्या शेंड्यावर लाल दिवा हाय. सांजच्याले थो लावाचं काम माह्यं होतं. भागिरथा अंगणातून पाहे. दिवा लागला म्हणजे मी नीट पोचलो. मंग ते घरात जाये. आता चार साल झाले, दिवा नाही." त्यांनी काठी खाली टेकवली. "तिले अजून समजलं नसन, मी पोचलो का नाही."

संघपालनं कप स्वतःच उचलून मोरीत नेऊन ठेवला.

मग तो छतावर चढला. नंबर बदलला होता खरा, पण डिशही जरा सरकली होती. संघपालनं नट सैल केला आणि डिश हळूहळू आग्नेयेकडं वळवू लागला. खाली टीव्हीच्या पडद्यावर सिग्नलचा आकडा दिसत होता, आणि तो ओरडून सांगायचं काम सपनाचं होतं. ती खिडकीशी उभी होती. ब्लाउज शिवायला बसलेली तशीच उठली होती, दातांत टाचण्या तशाच.

"चाळीस… बेचाळीस… छप्पन… थांबा, थांबा… सत्तर."

सत्तर पुष्कळ झाले. तिथंच नट आवळून उतरायचं. पण संघपालनं डिश आणखी जराशी फिरवली.

"गेली," खालून आवाज आला. "आता होती ना. कायले फिरवली?"

"अजून चांगली मिळते का पाहून राह्यलो."

"सत्तर होते."

"सत्तर कमी हाय."

"मले शाळेत कधी सत्तर नाही पडले. तुमाले सत्तर कमी वाटून राह्यले."

त्यानं पुन्हा फिरवली. ती पुन्हा आकडे म्हणू लागली. तीन वर्षं त्याच्या घरात कोणी आतून बाहेर, खालून वर हाक मारली नव्हती. आकडे तर आकडे, पण ते त्याच्यासाठी होते. सत्तर आले. बहात्तर आले. संघपालनं नट बोटांनी फिरवून बसवला. पाना शेजारी पडला होता. त्यानं पान्याकडं पाहिलं. एक वेढा पान्यानं दिला असता, तर ती डिश चार पावसाळे हलली नसती…

तो वेढा त्यानं दिला नाही. पाना खिशात घातला आणि उतरला.

पंधरा दिवसांनी वारा सुटला आणि फोन आला. घरात रेंज नव्हती. छताच्या कोपऱ्यात बोलण्यापुरती यायची, व्हिडिओ नुसता फिरत राहायचा. त्या कोपऱ्यातून सपना बोलत होती.

"तुमी दुरुस्त केलं होतं का बिघडवलं होतं?"

"काहून?"

"पंधरा दिवस टिकलं. माहे ब्लाउज यापेक्षा जास्त टिकतात."

तो गेला. पुन्हा आकडे, पुन्हा सत्तर, पुन्हा हातानं आवळलेला नट. मार्च लागला. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत संसद बंद होती, पण चॅनेलवर जुन्या चर्चा दाखवत. देवमन त्याही पाहत. एकदा तर तीस वर्षांपूर्वीच्या कोण्या मंत्र्याला ते म्हणाले, "बस खाली, तुह्या उत्तरात दम नाही." सपना आणि संघपाल दारातच हसत उभे राहिले.

तिसऱ्या खेपेला सपनानं त्याला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. वाढता वाढता तिनं विचारलं, "तुमच्या घरी कोण हाय?"

"आई असते भावाकडं, धनजले. मी इकडं एकटाच."

"अन्…"

"होती. गंगू. कावीळ झाली. सात दिवसांत गेली." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "सहाव्या दिवशी म्हणे, मले बरं वाटून राह्यलं, तू कामावर जा. मी गेलो. आसेगावले डिश लावाची होती."

सपना वाढायचं थांबली. डोळे पुसले नाहीत, हळहळलीही नाही. एवढंच म्हणाली, "ते तिनंच सांगतलं होतं ना, जा म्हणून."

"हाव."

"मंग जेवा."

तो जेवला. निघताना तिनं पायरीवर त्याची चप्पल सरळ करून ठेवलेली होती. गाडी सुरू करायला त्याला त्या दिवशी वेळ लागला.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात देवमनचा निरोप आला. खासदार साहेबांच्या ऑफिसातून फोन होता. येत्या मंगळवारी प्रश्न आहे आणि यादीत दुसराच नंबर आहे. म्हणजे बोलावला जाणार हे नक्की. संघपालच्या डोक्यात पहिल्यांदा नटच आला. सोमवारी जाऊन पान्यानं आवळू, असं त्यानं ठरवलं. सोमवारी दुकानात गर्दी होती. गफ्फारभाई म्हणाले, "कल चला जा." आणि मंगळवारी सकाळी आसेगावच्या शाळेचं काम निघालं. हवा शांत होती. एका दिवसानं काय होतं, असं म्हणून संघपाल आसेगावला गेला.

साडेदहाला आभाळ काळं झालं आणि वारा सुटला. रस्त्याकडेच्या गव्हाच्या पेंढ्या उडून चालल्या होत्या. अकरा वाजून आठ मिनिटांनी फोन वाजला.

"संघपाल…" तिनं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. "डिश गेली. बाबा बसले हायेत. पयला प्रश्न चालू होता."

"मी निघालो."

आसेगाव ते टेकडी, मधे पन्नासेक किलोमीटर. तो पोचला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. देवमन खाटेवर होते. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पडदा निळा होता. ते निळ्या पडद्याकडंच पाहत होते.

"झालं असन आता," ते म्हणाले. "तू धापा नको टाकू. पाणी पी."

संघपाल पाणी न पिता छतावर चढला. डिश वितभर फिरली होती. त्यानं सरळ केली आणि सवयीनं बोटांनी नट फिरवला. मागं चाहूल लागली. सपना शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती.

"पाना कोठी हाय तुमचा?"

त्याचा हात थांबला.

"हा नट बोटानं फिरते?" ती वर आली, वाकली आणि स्वतः दोन बोटांनी नट फिरवून पाहिला. "कधीपासून?"

खोटं बोलता आलं असतं. वाऱ्यानं सैल झाला म्हटलं असतं, तर तिला पटलंही असतं.

"पयल्या दिवसापासून," तो म्हणाला. "तुमी पुन्हा बोलावसान म्हणून."

सपना बराच वेळ नटाकडं पाहत राहिली. तिच्या कपाळावर गव्हाचं भूस उडून बसलं होतं. ते तिनं झटकलं नाही.

"मले बोलायचं होतं तर बोलाचं होतं. चहा पेताना बोलता आलं असतं. माह्या बाबाची संसद कायले फिरवली?"

"चुकलं."

"मी नाही सांगणार त्यायले. ज्याचं गेलं त्यालेच तुमी सांगा." आणि ती उतरून गेली.

संघपालनं नट पान्यानं आवळला. जोर लावून आवळला, इतका की बोटाची साल निघाली. मग तो मेडशीला गेला. संसदेचं कामकाज नंतर इंटरनेटवर टाकतात हे त्याला माहीत होतं. गफ्फारभाईंच्या काउंटरवर बसून त्यानं वाट पाहिली. चारच्या सुमारास त्याला तो तुकडा सापडला. तो मोबाइलमध्ये उतरवून घेतला आणि दिवस मावळायच्या आत टेकडीखाली परत आला.

देवमन अंगणात बाजेवर बसले होते. सपना दारात सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"काका, दाखवाचं हाय काहीतरी. पण आधी सांगाचं हाय." संघपाल उभाच राहिला. "नट मी मुद्दाम हातानं आवळला होता. तिन्ही खेपा. वारा आला का डिश हलावी अन् मले इथं यायले मिळावं म्हणून. तुमचा प्रश्न माह्यामुळं गेला."

सुपातला आवाज थांबला होता. काठीच्या मुठीवर देवमनचा अंगठा फिरत राहिला.

"दाखव काय दाखवतं ते," शेवटी ते म्हणाले.

संघपालनं मोबाइल त्यांच्या हातात दिला. पडद्यावर खासदार उभे राहिले. माझ्या भागातल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याचं पत्र आहे, म्हणाले. नाव घेतलं नाही. पण त्या टॉवरवर एक दिवा असायचा आणि त्याच्या घरचे तो दिवा पाहून निश्चिंत व्हायचे, एवढं त्यांनी वाचून दाखवलं. मंत्र्यांनी उत्तर दिलं. असे जुने टॉवर टप्प्याटप्प्यानं बंद केलेले आहेत, डिजिटल प्रक्षेपण काही शहरांपुरतं आहे, या जागेसाठी सध्या कोणताही प्रस्ताव नाही. अध्यक्षांनी पुढचा नंबर पुकारला.

देवमननं पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा पाहताना ते मंत्र्यापर्यंत गेलेच नाहीत, दिव्यापाशी थांबवलं.

"हे ठेवलेलं हाय," ते म्हणाले. "पाह्यजे तेव्हा पाहता येते. पण सकाळी जेव्हा ते बोलले, तेव्हा साऱ्या देशात एकाच टायमाले गेलं. त्याच टायमाले मले पाहाचं होतं. टॉवरवर मी एकोणतीस वर्षं तेच काम केलं. ते आता नाही होत."

"मी… काय करू, काका?"

"बस खाली."

तो जमिनीवर बसला.

"माही ड्युटी दुपारी तीनपासून राहे," देवमन टेकडीकडं पाहत म्हणाले. "डबा घेऊन जाचा. तर मी आठवड्यातून दोनदा डबा घरी विसरो. रोज नाही. रोज विसरलो असतो तर भागिरथाले समजलं असतं. सांजच्याले ते डबा घेऊन टेकडी चढे. बडबड करत चढे. मले वरून ऐकू ये. मंग आमी दोघं एकाच डब्यात जेवो अन् ते अंधार पडाच्या आत उतरे."

सपनानं मान वर केली. हे तिनंही कधी ऐकलं नव्हतं.

"बावीस वर्षं चढली. शेवटी गुडघे गेले तिचे, तरी चढे. मुद्दाम विसरतो हे मी तिले सांगतलंच नाही. उद्या सांगू, परवा सांगू. दवाखान्यात तोंडावर आलं होतं. तेव्हा तिच्या नाकात नळी होती… राहून गेलं." त्यांनी डोळे पुसले, सरळ बाहीनं. "तू तीन खेपा केलं अन् सांगतलं. मले बावीस वर्षांत नाही जमलं. तुह्यावर कोण्या तोंडानं रागावू मी? पण हिले रागाचा हक्क हाय. हिच्यासाठी मी नाही बोलणार."

संघपाल उठला. दारातून जाताना थांबला. सपना तांदळातले खडे वेचत होती.

"आता डिश हलणार नाही," तो म्हणाला. "पान्यानं आवळली."

"बरं झालं," ती म्हणाली. बास, एवढंच.

एप्रिल आला. अधिवेशन संपलं. टेकडीवरचा टॉवर उतरवायला माणसं आली, लोखंड भरून गेलं. त्या गावाहून फोन यायचं काही कारण उरलं नव्हतं. वारा रोज सुटे. संघपाल दुकानाच्या पायरीवर बसून वाऱ्याकडं पाही. डिश हलत नव्हती, कारण काम चांगलं झालं होतं.

गफ्फारभाई एकदा म्हणाले, "इतना पक्का काम कायकू किया बे?"

संघपाल पुढच्या रिमोटमधली धूळ काढू लागला.

मग एका गुरुवारी मालेगावची एसटी थांबली. सपना उतरली. छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. संघपाल उठला आणि पुन्हा सावलीतून बाजूला झाला. गफ्फारभाईंना एकाएकी चहाची आठवण झाली आणि ते समोरच्या हॉटेलात निघून गेले.

तिनं बॉक्स काउंटरवर ठेवला.

"काय झालं?" संघपालनं विचारलं.

"काही नाही झालं. चालू हाय."

"मंग?"

"मंग काय. मी वायर काढली अन् घेऊन आली." ती त्याच्याकडं सरळ पाहत होती. "तुमी नट सैल ठेवला अन् सांगतलं नाही. मी वायर काढली अन् सांगून राह्यली."

रस्त्यावरून सोयाबीनच्या पोत्यांचा ट्रक गेला.

"काका काय म्हणाले?"

"म्हणाले, तुही माय पायी चढली होती, तू एसटीनं जाऊन राह्यली." तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं, पण तिनं ते फार वेळ राहू दिलं नाही. "राग आला होता मले. अजून हाय थोडा. बाबा रोज तो तुकडा पाहाले मागतात. मी छताच्या कोपऱ्यात उभी राह्यतो, तो नुसता फिरते. तेव्हा येते राग."

"मोबाइल ठेवून देतो त्यायच्यापाशी. त्यात हाय तो."

"द्या." ती टॉवेलाची घडी घालू लागली. एकदा घातली, मोडली, पुन्हा घातली. "एक विचारू? गंगूताईचा फोटो तुमच्या घरी कोठी हाय?"

संघपालला वाटलं होतं, ती काहीही विचारेल, हे नाही. "दारासमोर. भिंतीवर."

"तो तिथंच राहू द्या. मले त्याची सवय हाय. आमच्या घरीही भिंतीवर आई हाय. मी तिच्याशी भांडतो, बोलतो… गंगूताईशीही बोलन."

संघपालनं मान हलवली. मग खाली वाकून हत्यारांच्या पेटीतून पाना काढला, उगाचच पुसला आणि खिशात ठेवला.

त्या दिवशी तो बसच्या मागं राहिला नाही. सपना मोटरसायकलवर मागं बसली, मांडीवर बॉक्स धरून. वाटेत एसटीनं हॉर्न दिला आणि त्यांनी तिला पुढं जाऊ दिलं.

घरी पोचल्यावर तिनं वायर जोडली. संघपाल छतावर गेला. खरं तर जायची गरज नव्हती. टेकडीचा माथा आता रिकामा होता. त्यानं नटाला पाना लावून पाहिला. जागचा हलला नाही.

"किती?" त्यानं वरून विचारलं.

आत देवमन संघपालच्या मोबाइलवर दिव्यापाशी थांबले होते. मग सपनाचा आवाज आला. या वेळी दातांत टाचण्या नव्हत्या.

"सत्तर. कमी हाय का?"

"नाही," तो म्हणाला. "पुष्कळ हाय."